विकतचा फराळ: चकली पास, करंजी नापास
यंदा ऐन दिवाळीत सासूबाईंच्या गुडघ्याने असहकार पुकारला, म्हणून जवळच्या गृहउद्योगातून फराळ मागवला. चकली अस्सल भाजणीची. काटा नीट उठलेला, आत नळी पडलेली, कागदावर ठेवली तरी तेलाचा डाग नाही. अनारशाला मात्र जाळीच नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पीठ गुळात मुरवायचं, तिथे घाई झालेली दिसते. करंजी तर हलवली की खुळखुळा! डबा वसुबारसेला सांगितलेला, आला नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नानं उरकल्यावर. तोवर सासूबाईंनी खुर्चीत बसून बेसनाचे लाडू वळलेसुद्धा. (ते उत्तमच, पण इथे गुण देता येत नाहीत.) पातळ पोह्यांचा चिवडा मुलांनी पाडव्यालाच संपवला. पुढच्या वर्षी चकली-चिवडा तिथूनच, पण दसऱ्याला तारीख लिहून घेऊन.