भाड्याचा एअर बेड घेताय? दुकानातच पंप चालवून बघा

मागच्या उन्हाळ्यात अमळनेरला मायसाठी एअर बेड भाड्यानं आणला, महिन्याला 1200 अन् डिपॉझिट 3000. मायची डावी बाजू पॅरालिसिसनं गेलेली, माकडहाडापाशी पडून पडून रुपयाएवढी जखम (बेडसोर).

गादीत आडव्या नळ्या असतात, एक सोडून एक फुगते, मग थोड्या वेळानं दुसऱ्या, म्हणजे एकाच जागी दाब राहत नाही. आयडिया भारीच. पण पंप जुनाट निघाला, दुसऱ्याच रात्री नळी निसटली, पहाटे बघतो तर माय चपट्या प्लास्टिकवर पडलेली, पाठ घामानं ओलीचिंब. दुकानवाला फोनवर म्हणे पेशंटचं वजन जास्त आहे. माय 41 किलोची! चार दिवसांनी पंप बदलून दिला.

त्याच चार दिवसांत माय म्हणे, "माले एक सुई दी टाक रे भाऊ, मी बी सुटसू, तू बी सुटशी."

हे फॅमिली ग्रुपवर टाकलं तर पुण्याच्या भाच्यानं लगेच कॅनडाचा दाखला दिला. तिथे 2016 ला डॉक्टरांच्या मदतीनं इच्छामरणाचा कायदा आला, 2021 पासून मरण जवळ नसलेल्या आजारी-अपंगांनाही लागू केला, नुसत्या मानसिक आजाराचं तेवढं 2027 पर्यंत पुढे ढकललंय. (तिथल्या अपंगांच्या संघटनाच विरोधात आहेत, ते त्यानं नाही टाकलं.) आपल्याकडे सुई कुणालाच नाही, सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालानं उपचार तेवढे थांबवता येतात, तेही दोन मेडिकल बोर्डांनी बघून. ते मला पटतं, उगाच व्हेंटिलेटरवर ताणण्यात अर्थ नाही. पण मायनं सुई मागितली तेव्हा पंप बंद होता अन् पाठ सोलत होती, त्या दिवशी तिचा अंगठा घेतला असता तर ती इच्छा कोणाची धरायची, मायची का पंपाची?

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सेसनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्याच सहकारी अरुणा शानबागला 2015 पर्यंत, 42 वर्षं सांभाळलं, अन् इतक्या वर्षांत एक बेडसोर होऊ दिला नाही हे कोर्टातही नोंदलं गेलं. आमच्याच्यानं चार दिवस झाले नाहीत.

असो. नवा पंप चांगला चालला, रोजचं ड्रेसिंग धरून दीडेक महिन्यात जखम सुकली. गादी आहे म्हणून कूस बदलणं सोडू नका, दर दोन तासांनी करावंच लागतं, रात्री बायको अन् मी पाळी लावतो. वर जाड गोधडी टाकू नका, फुगण्याचा फायदाच जातो, आम्ही जुनं सुती लुगडं एकपदरी टाकतो. इन्व्हर्टर पाहिजेच, मे महिन्यात लाइट गेली का प्लास्टिक तव्यासारखं तापतं, अन् माय तेव्हा अजून सुई मागते.

गादीला चार स्टार, दुकानाला दीड. डिपॉझिटमधून 500 "नळीचे" कापणार म्हणतोय, पावती जपून ठेवा.