टीव्हीशेजारी नागपूर स्टेशनचा इंडिकेटर: पिवळा ओएलईडी घ्यावा का?

सरळ सांगतो भाऊ, स्क्रीन घ्या, डोळे मिटून घ्या. डोकं खातो तो गाड्यांच्या वेळांचा डेटा, आणि तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आमच्याकडे टीव्हीशेजारी हा छोटा इंडिकेटर चालून राहिला आहे, नागपूरवरून सुटणाऱ्या पुढच्या दोन गाड्या आणि खाली थांब्यांची सरकती ओळ. सामान म्हणाल तर ३.१२ इंची पिवळा ओएलईडी, २५६ बाय ६४ पिक्सेल, एसएसडी१३२२ या स्क्रीन चालवणाऱ्या चिपवाला, आणि मागे रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा एवढासा कॉम्प्युटर (पुढे नुसता 'पाय' म्हणतो). ही जोडी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही, इंग्लंडमधल्या रेल्वेवेड्या पोरांनी त्यांच्या स्टेशनांसाठी लिहिलेला कोड फुकट मिळतो, मीपण तिथूनच सुरुवात केली.

स्क्रीन खरंच जबरदस्त. ओएलईडीला मागून लाइट नसतो, जो ठिपका पेटायचा तेवढाच पेटतो, त्यामुळे काळं म्हणजे एकदम काळंकुट्ट आणि त्यावर ती पिवळी अक्षरं सोफ्यावरून आरामात वाचता येतात. हिरवा आणि पांढरापण मिळतो पण स्टेशनचा फील पिवळ्यालाच आहे. किंमत अडीच-तीन हजाराच्या घरात, एवढ्याशा पट्टीला जास्तच वाटते. सीताबर्डीत विचारलं तर दुकानदार म्हणे, "भाऊ १६ बाय २ वाला एलसीडी घेऊन जा ना, तोपण डिस्प्लेच आहे." शेवटी ऑनलाइन मागवला.

एक गोष्ट आधीच बघून ठेवा, हा स्क्रीनचा बोर्ड बरेचदा पॅरलल मोडवर, म्हणजे बऱ्याच तारांवरून डेटा घेणारा, सेट होऊन येतो, आपल्याला मोजक्या तारांवर भागवणारा एसपीआय मोड पाहिजे. मागच्या बाजूला एक छोटं टेबल छापलेलं असतं, त्यात फोर-वायर एसपीआयसमोर जसं लिहिलंय तसा शून्य ओहमचा रेझिस्टर काढून बाजूच्या जागेवर लावायचा, आणि तो रेझिस्टर मोहरीएवढा, शिंक आली तर गेलाच समजा. हात बसलेला नसेल तर मोबाइल रिपेअरवाल्याकडे न्या, त्याला दोन मिनिटांचं काम आहे. पायपण पिना लावलेलाच मागवा, साध्यावर सोल्डरिंगचे चाळीस टाके घालत बसावं लागतं.

आता पाय काऊन, ईएसपी३२ ही छोटी वायफायवाली चिप काऊन नाही? ईएसपी स्वस्त आहे, प्लग लावला की लगेच चालू होतो, इंग्रजीत बोर्ड पाहिजे तर खुशाल तोच घ्या. पण मला मराठी पाहिजे होतं. त्याच्या नेहमीच्या लायब्ररीत (तयार कोडमध्ये) देवनागरी अक्षरं एकामागे एक नुसती ठेवली जातात, मग बिलासपूरची वेलांटी ब च्या पुढं जाऊन बसते आणि वर्धाचा रफार र होऊन पाय मोडून पडतो. पायवर पायथनची चित्रं काढणारी पिलो लायब्ररी, अक्षरं जुळवणाऱ्या राक्मसकट टाकली की जोडाक्षरं नीट लागतात. फक्त ६४ पिक्सेलच्या उंचीत वर मात्रा, खाली उकार धरला तर मूळ अक्षराला जागा फार कमी उरते, इंग्लंडवाल्यांइतक्या ओळी आपल्या मावत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तर आडवं मावतच नाही, सरकवावंच लागतं. पण रात्री खालून वर्धा, धामणगाव, बडनेरा, अकोला, शेगाव असं मराठीत सरकताना बघायला लय भारी वाटते.

आता डेटा. इंग्लंडमध्ये नॅशनल रेलच्या डार्विन या गाड्यांची ताजी माहिती देणाऱ्या सिस्टिमवर नाव नोंदवलं की फुकट टोकन मिळतं, काम संपलं. आपल्याकडे एनटीईएसची, म्हणजे रेल्वेच्या गाडी-चौकशी सिस्टिमची वेबसाइट आहे, अ‍ॅप आहे, पण माझ्यातुमच्यासारख्याला तसा खुला एपीआय, म्हणजे आपल्या कोडला सरळ माहिती देणारं दार, नाही. इस्रोच्या मदतीनं इंजिनांवर बसवलेलं आरटीआयएस हे उपग्रहावरून गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र दर ३० सेकंदांनी गाडीची खबर देऊन राहिलं, म्हणजे माहिती आहे, घरगुती बोर्डाला सरळ दार नाही एवढंच. मग तिसऱ्याच कोणाची तरी सर्व्हिस पकडावी लागते, तिचा फुकटातला कोटा महिना संपायच्या आत संपतो. मी जी घेतली होती ती तर चेन्नईवरून येणारी जीटी एक्सप्रेस बल्लारशाहलापण पोचलेली नसताना नागपूरला राइट टाइम दाखवायची. बदलली. स्क्रीनला पाचपैकी साडेचार, डेटाला दोन, तेपण दया म्हणून.

आणि इंग्लंडचा कोड जसाच्या तसा इथे चालत नाही, त्याचं कारण मजेदार आहे. त्यांच्या बहुतेक गाड्या सकाळी निघून दुपारी पोचून मोकळ्या. आपली केरला, तामिळनाडू किंवा हावड्यावरून येणारी गीतांजली एक्सप्रेस आदल्या दिवशी निघालेली असते, त्यामुळे नुसत्या गाडी नंबरावर भागत नाही, कोणत्या तारखेला निघालेली तेपण धरावं लागतं, नाहीतर कालची खूप लेट झालेली आणि आजची वेळेवरची अशा एकाच नंबरच्या दोन गाड्या बोर्डावर एकमेकींना पुसत बसतात. हा भाग स्वतः लिहावा लागला. क्रमपण टाइमटेबलच्या वेळेनं न लावता अपेक्षित वेळेनं लावा, तरच बोर्ड बघून घरून निघण्यात अर्थ आहे.

उन्हाळ्यात लाइट गेली की पायचं एसडी कार्ड खराब व्हायची भीती असते, म्हणून पाच व्होल्टचं आउटपुट असलेला राउटरचा मिनी यूपीएस घ्या, वायफाय आणि बोर्ड दोन्ही चालू राहतात. ओएलईडीवर तीच अक्षरं सतत राहिली की डाग धरतो, त्यामुळे रात्री ब्राइटनेस पार खाली आणि मधून मधून स्क्रीन काळी करायला लावली आहे.

प्लॅटफॉर्म नंबरचा रकाना काढून टाकला. तो ऐनवेळी बदलतो आणि मग जिना चढत-उतरत आई शिव्या घालते आपल्याला.