महापेची होस्टिंग कंपनी: खातं चालू व्हायला चार तास, आणि तेच हवंय

महापेच्या एमआयडीसीतून ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या धंद्यांना शेअर्ड होस्टिंग, म्हणजे वेबसाइट आणि मेल ठेवायला सामायिक सर्व्हरवर जागा, देणाऱ्या एका मध्यम कंपनीबद्दल हे लिहितोय. नाव मुद्दाम घेत नाही. कुठल्या कंपनीत कसली तपासणी होते हे नावानिशी लिहिलं की त्याचा पहिला उपयोग भामट्यांनाच होतो.

कंपनीबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे पैसे भरले तरी खातं चालू व्हायला तीन-चार तास लागतात, आणि रात्री ऑर्डर दिली तर सकाळच उजाडते. आमचं मत उलट आहे. ही सेवा घ्यायचं पहिलं कारण हा उशीरच. शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो साइट नांदतात आणि सगळ्यांची मेल बहुतेक वेळा एकाच आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून, बाहेर पडते. त्यात एक स्पॅमवाला शिरला आणि तो आयपी स्पॅमहाउससारख्या, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला, की वाशी एपीएमसीतल्या मसाल्याच्या व्यापाऱ्याचं कोटेशन 550 एरर (मेल नाकारली) घेऊन परत येतं. त्याची काही चूक नसते, पण ऑर्डर त्याची जाते. यादीतून आयपी काढून घेता येतो; पण मूळ भामटा सर्व्हरवर असेपर्यंत आयपी पुन्हा यादीत चढतो.

या चार तासांत काय बघतात? कार्डावरचं नाव आणि खात्याचं नाव जुळतं का, ऑर्डर देणाऱ्याचा आयपी कुठल्या देशातला, मधे खरं ठिकाण लपवणारा व्हीपीएन आहे का, ईमेल दहा मिनिटांत मरणारा तर नाही ना. शिवाय डोमेनचं नाव. एखाद्या बँकेचं नाव आणि त्याला जोडून ‘केवायसी’, ‘रिवॉर्ड’ किंवा ‘लाइटबिल’ दिसलं की ऑर्डर तिथेच थांबते. मग फोन येतो आणि मराठीत किंवा हिंदीत दोनच प्रश्न विचारतात: साइट कशाची आहे, आणि बनवतंय कोण. नौपाड्यातल्या दवाखान्याचा माणूस अर्ध्या मिनिटात उत्तर देतो. चोरीच्या कार्डावर ऑर्डर देणारा सहसा फोनच उचलत नाही.

कार्डाचा घोळ समजून घेण्यासारखा आहे. भारतात दिलेल्या कार्डावर ऑनलाइन खरेदीला ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते, पण परदेशी कार्डांचे बरेच व्यवहार त्याशिवाय पार पडतात. म्हणून चोर सगळ्यात स्वस्त प्लॅन घेऊन कार्ड चालतं का ते बघतो, आणि चाललं तर मोठी खरेदी दुसरीकडे करतो. खरा कार्डधारक स्टेटमेंट बघून तक्रार करेपर्यंत काही आठवडे जातात. मग चार्जबॅक येतो, म्हणजे बँक ती रक्कम कंपनीकडून परत घेते. डॉट कॉम डोमेन नोंदवल्यापासून 5 दिवसांच्या आत रद्द केलं तरच रजिस्ट्रीकडून (डोमेनची मूळ नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून) पैसे परत मिळतात. चार्जबॅक येईतो ती मुदत केव्हाच उलटलेली असते. होस्टिंगची रक्कम, डोमेनची रक्कम आणि वर पेमेंट गेटवेचा दंड, असा तिहेरी फटका कंपनीला बसतो. तुम्हाला लवकर हवं असेल तर स्वतःच्याच नावाच्या यूपीआयवरून भरा आणि त्याच नावाने खातं उघडा; अशा ऑर्डरी लवकर सुटतात.

व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा स्वतंत्र हिस्सा, घेणाऱ्यांना कागदपत्रं जास्त मागतात, त्यावर चिडू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे व्हीपीएस आणि क्लाउडवाल्यांना ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी आणि सेवा घेण्याचं कारण ही माहिती सेवा बंद झाल्यावरही 5 वर्षं ठेवावी लागते. लॉग (यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी) 180 दिवस ठेवायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची, हेही त्यातच आहे. खटकतं ते वेगळंच. आधारचा फोटो ही कंपनी ईमेलवर मागवते. हे चुकीचं आहे. शेवटचे चार अंकच दिसणारं मास्क्ड आधार मिळतं, तेच द्या, आणि पोर्टलमध्ये अपलोड करायची सोय मागा.

हॅक झालेल्या साइटशी वागायची पद्धत मात्र फार चांगली आहे. फिशिंगची (खोटं पान दाखवून माहिती चोरल्याची) तक्रार आली की मुळातच फसवणुकीसाठी उघडलेलं खातं लगेच बंद होतं. जुन्या ग्राहकाची साइट फोडलेली असेल तर आधी फक्त तो फोल्डर बंद करतात आणि फाइलचा पूर्ण पत्ता पाठवून 24 तास देतात. बहुतेक वेळा ती वर्डप्रेसच्या अपलोड्स फोल्डरमधली पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, असते. तिथे फोटो आणि पीडीएफ असायला हवेत, पीएचपीचं काही काम नाही. ती फाइल उडवून भागत नाही. अनोळखी अ‍ॅडमिन युजर, क्रॉन जॉब (ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं), एचटीअ‍ॅक्सेस फाइल (सर्व्हरच्या सूचनांची) आणि एफटीपी खाती (फाइली चढवायची) तपासा, सगळे पासवर्ड बदला, फुकट मिळालेली ‘नल्ड’, म्हणजे चोरीची, थीम काढून टाका. आणि ईमेलचे फॉरवर्डर, म्हणजे मेलची प्रत दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारे नियम, न चुकता बघा. चोर एक गुपचूप फॉरवर्डर लावून महिनोन्‌महिने तुमची बिलं वाचतो, आणि मोठ्या रकमेचं बिल दिसलं की तुमच्या गिऱ्हाइकाला ‘आमचा खाते नंबर बदलला आहे’ अशी मेल टाकतो. पैसे गेलेच तर त्याच घटकेला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता आली तरच हाती लागते.

बॅकअप सात दिवसांचाच आहे, हे या प्लॅनचं मोठं उणं. फोडलेली साइट दोन-तीन आठवडे गप्प बसलेली असू शकते, तेव्हा सातही प्रती बाधित निघतात. महिन्याला एक प्रत स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवून ठेवा. रात्री साइट बंद करायला माणूस असतो, पण चालू करणारा सकाळी दहालाच येतो, हीसुद्धा खरी अडचण आहे. ऑनलाइन ऑर्डरींवर धंदा असेल तर याचा विचार आधी करा.

रिन्यूअलच्या खोट्या फोनांवर कंपनीने साधा उपाय केलाय. पोर्टलमध्ये सहा आकडी सपोर्ट पिन दिसतो. फोन त्यांच्याकडून आला तर त्यातले पहिले तीन आकडे ते सांगतात, उरलेले तीन तुम्ही. सीपॅनेलचा (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलचा) पासवर्ड किंवा ओटीपी मागत नाहीत. भामट्यांना तुमचा नंबर तुमच्याच ‘संपर्क’ पानावर मिळतो, त्यामुळे ‘आज डोमेन संपतंय’ हा फोन येणार हे धरून चाला. डोमेनची मुदत पोर्टलमध्ये स्वतः लॉगिन करून बघा, मेसेजमधल्या लिंकवरून नको. यूपीआयवर पैसे पाठवताना नाव कंपनीचं दिसतं की कुणा माणसाचं, ते वाचून मगच पिन टाका.

प्लॅन वर्षाला 2,400 रुपये, 18 टक्के जीएसटी धरून 2,832. कंपनी महाराष्ट्रातली, त्यामुळे बिलावर तिचा जीएसटी नंबर 27 ने सुरू व्हायला हवा आणि इथल्या ग्राहकाला सीजीएसटी, एसजीएसटी 216-216 रुपये लागलेले दिसायला हवेत. तुमचा जीएसटी नंबर ऑर्डर देतानाच भरा. बिल निघाल्यावर दुरुस्तीचं तिकीट टाकलं तर हिशेब विभाग आठवडा लावतो.