पाइपच्या बंडलांसाठी ऑटोमॅटिक रॅक: अकरा महिन्यांनंतर

ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचून थांबावं: मशीन चांगलं आहे, घेतल्याचा पश्चात्ताप नाही, पण पहिले चार महिने ते चालवण्यापेक्षा बंडलं नीट बांधायला शिकण्यातच गेले. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बराच त्रास वाचला असता, म्हणून लिहायला बसलो.

मी बडोद्यात मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) एका पाइप स्टॉकिस्टच्या गोदामाचं काम बघतो. काळा (बिनमुलाम्याचा लोखंडी) पाइप आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला), अर्धा इंचीपासून चार इंचीपर्यंत, बहुतेक सगळा 6 मीटरचा माल. पूर्वी आमच्याकडे जे होतं तेच अजून निम्म्या बाजाराकडे आहे: जमिनीवर लाकडी दांडे, त्यावर बंडलं, त्यावर पुन्हा दांडे, पुन्हा बंडलं, आणि बाहेर भाड्याची हायड्रा, म्हणजे चाकांवरची फिरती क्रेन. या पद्धतीत गिऱ्हाइकाला हवा असलेला माल नेहमी सगळ्यात खाली असतो. जुना माल आधी विकायचा हे कागदावर. प्रत्यक्षात काल आलेला माल वर, म्हणून तोच आज जातो, आणि तळाला दोन-दोन वर्षांचे पाइप गंजत पडतात.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या शेडमध्ये गुडघाभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर खालच्या थरातला जीआय माल बाहेर काढला तर पिठात लोळवल्यासारखा पांढरा. जस्ताचं असंच असतं. उघड्या हवेत त्यावर हळूहळू घट्ट थर बसतो आणि तो थरच पुढे पाइप राखतो. पण घट्ट बांधलेल्या बंडलात पाणी अडकलं, हवा पोचली नाही, की तो थर बसतच नाही, पांढरी भुकटी सुटते. तो माल आम्ही पडेल भावाने काढला. त्याच आठवड्यात शेठ म्हणाले, आता माल जमिनीवर ठेवायचा नाही. उंच रॅकची चौकशी तिथून सुरू झाली. (याआधी ढिगावर चढून बेल्ट अडकवताना एका पोराच्या पायाचं बोट चेचलं होतं, तेव्हा कुणी रॅकचं नाव काढलं नव्हतं. असो.)

रचना अशी आहे. समोरासमोर मधाच्या पोळ्यासारखे दोन रॅक. प्रत्येकात चौदा रांगा आणि आठ मजले, म्हणजे एकूण 224 खण. प्रत्येक खणात साडेसहा मीटरची लोखंडी कॅसेट. नाव कॅसेट, रूप गुरांच्या गव्हाणीचं. मधल्या वाटेवर स्टॅकर क्रेन फिरते; खणासमोर थांबते, साखळीचा आकडा कॅसेटच्या कानात अडकवते, कॅसेट ओढून स्वतःच्या अंगावर घेते आणि टेबलावर आणून ठेवते. एका कॅसेटमध्ये अडीच टनांपर्यंत माल. 12 बाय 21 मीटरच्या जागेत आमचा साडेतीनशे टन माल बसतो. आधी तेवढ्यालाच अख्खी शेड आणि वर बाहेरचं अंगण लागायचं.

गाडीतून माल उतरवायला ओव्हरहेड क्रेनच आहे, दोन बेल्ट लावून. बंडल रोलरवर ठेवलं की पुढचं सगळं मशीन करतं. बंडल एका कमानीतून जातं, तिथे लाइटचे सेन्सर त्याची रुंदी-उंची बघतात, खाली लोडसेल वजन घेतात, मग टेबलाचे हात ते उचलून कॅसेटमध्ये ठेवतात. मागणी टाकल्यापासून कॅसेट टेबलावर यायला अडीच-तीन मिनिटं. ऐकायला फार वेगवान नाही, आणि नाहीच. पण हायड्राने वरची सहा बंडलं बाजूला काढून सातवं उचलायला अर्धा तास जायचा, आणि तो ड्रायव्हर चहाला गेला असेल तर पाऊण.

आता मुख्य गोष्ट, बंडल. पाइपच्या कारखान्यातून माल षटकोनी बंडलात येतो. मधे एक पाइप, त्याच्याभोवती सहा, मग बारा, अठरा, चोवीस. म्हणून आकडे 7, 19, 37, 61, 91, 127 असे विचित्र येतात. आमचे अकाउंटंट बरीच वर्षं समजत होते की 61 हा शगुनाचा आकडा आहे, लग्नाच्या पाकिटासारखा. एक पाइप कमी-जास्त झाला की षटकोन मोडतो, आणि षटकोन मोडला की बंडल बांधायची पट्टी कितीही आवळा, आतले पाइप सरकतात. दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास 60.3 मिमी. 61 पाइपचं बंडल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 543 मिमी, सपाट बाजूंमध्ये 478. आमची कॅसेट आतून 600. म्हणजे जागा भरपूर, असं आम्हालाही वाटलं होतं.

प्रत्यक्षात गाडीच्या धक्क्यांनी पट्टी सैल झालेली असते. बंडल रोलरवर ठेवलं की ते थकलेल्या म्हशीसारखं बसतं, रुंदी 600 च्या पुढे जाते, कमानीतला लाल दिवा लागतो आणि सगळं थांबतं. किंवा एखादा पाइप चार बोटं बाहेर आलेला असतो. पहिल्या महिन्यात दहा बंडलांमागे तीन-चार परत फिरत होती. आमचे मुकादम काका, ज्यांनी तीस वर्षं पाइप हलवण्यात काढली, कमानीसमोर कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, आ तो बहु नखराळी छे." मशीनवाल्यांचा माणूस आला, सेन्सरची मर्यादा थोडी वाढवून गेला. त्याचा परिणाम असा की तिसऱ्या दिवशी एक फुगलेलं बंडल आत गेलं आणि पाचव्या मजल्यावर खणाच्या खांबाला घासून अडकलं. साडेपाच तास गोदाम बंद. मर्यादा होती तिथे परत आणली.

शेवटी उपाय निघाला तो साधा. इथल्याच एका फॅब्रिकेटरकडून बंडल बसवायचे साचे करून घेतले, तळ आणि दोन तिरक्या बाजू, 120 अंशांचे कोन. सैल आलेलं बंडल त्यात ठेवायचं, टोकं फळीने ठोकून एका रेषेत आणायची, आणि हवेवर चालणाऱ्या टूलने नवी पट्टी आवळायची. 19 मिमीची पट्टी सोडून 32 ची घेतली. 6 मीटरला पाच पट्ट्या, शेवटच्या दोन टोकापासून हातभर आत. आणि सगळ्यांना दम देऊन सांगितलं की पट्टीत हुक घालून बंडल उचलायचं नाही. हायड्राच्या काळातली ती सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आता महिन्याला मोजकी बंडलं परत फिरतात.

सॉकेटवाल्या जीआयची तऱ्हा वेगळीच. एका टोकाला सॉकेट (पाइप जोडायचा आखूड जाड तुकडा), दुसऱ्या टोकाला आट्यांवर प्लास्टिकची टोपी. दोन इंचीच्या सॉकेटचा बाहेरचा व्यास साधारण 70 मिमी. सगळे सॉकेट एका रेषेत आले तर 61 च्या बंडलाचं ते टोक नऊ सॉकेट रुंद, म्हणजे 630 मिमी. कॅसेट 600 ची! मशीन विकणाऱ्यांनी सगळा हिशेब नुसत्या पाइपच्या व्यासावर केला होता, आणि आम्हीही ड्रॉइंगवर सही करताना बघितलं नाही. सहीच्या दिवशी मुकादम काकांना बोलावलं असतं तर त्यांनी उभ्या-उभ्या सांगितलं असतं. आता हा माल 37 च्या बंडलात मागवतो किंवा इथे फोडून बांधतो. त्यात जागा वाया जाते. ज्यांचा धंदा मुख्यतः सॉकेटवाल्या मालाचा आहे त्यांनी कॅसेट आधीच रुंद मागावी.

लोडसेलबद्दल मात्र तक्रार नाही. मी ती चैन समजत होतो. दोन इंची बी-क्लास (मधल्या जाडीचा) काळा पाइप मीटरला 5.03 किलो, म्हणजे 61 चं बंडल 1841 किलोच्या आसपास. सी-क्लासची जाडी 3.6 ऐवजी 4.5 मिमी, त्याचं बंडल 2266 च्या घरात. बाहेरून दोन्ही सारखेच. ओळख काय ती रंगाच्या पट्ट्याची, ए-क्लासला पिवळा, बी-ला निळा, सी-ला लाल. दिवाळीनंतर एका गाडीत लाल पट्ट्याची, सी-क्लासचा टॅग असलेली चार बंडलं आली आणि प्रत्येकाचं वजन साडेअठराशेच्या खाली. मशीनने घेतलीच नाहीत. कॅलिपर लावून बघितलं, जाडी 3.6. पाठवणाऱ्याने चूक कबूल केली आणि माल बदलून दिला. जुन्या पद्धतीत तो माल सी-क्लास म्हणून गिऱ्हाइकाच्या साइटवर पोचला असता आणि शिव्या आम्ही खाल्ल्या असत्या. या एका गोष्टीसाठी शेठ येईल त्या पाहुण्याला आधी वजनाचा आकडा दाखवतात.

सुटा माल ही या मशीनची दुखरी बाजू आहे. बडोद्यातला नळकामाचा दुकानदार अख्खं बंडल नेत नाही. त्याला अर्धा इंचीचे वीस, पाऊण इंचीचे बारा, आणि टेम्पो बाहेर उभा. दहा पाइपांसाठी दीड टनाची कॅसेट बाहेर आणायची, पट्टी कापायची, मोजायचे, कॅसेट परत पाठवायची. तेवढ्यात मागे मोठी गाडी हॉर्न वाजवत असते. शिवाय फोडलेल्या कॅसेटमध्ये किती पाइप उरले हे माणसाने टाइप करायचं असतं, आणि घाईत माणूस टाइप करत नाही. तिसऱ्या महिन्यात कॉम्प्युटर एक इंचीचे 44 सांगत होता आणि कॅसेटमध्ये 29 होते. म्हणून एक इंचीपर्यंतचा सुटा माल आम्ही पुन्हा जुन्या ए-फ्रेम स्टँडवर (इंग्रजी ए अक्षरासारख्या लोखंडी घोड्यावर) आणला. मशीनमध्ये फक्त पूर्ण बंडल. विकणाऱ्यांना हे आवडलं नाही, त्यांच्या फोटोंमध्ये ए-फ्रेम नसते.

बांधकामाबद्दल दोन शब्द, कारण बडोद्याच्या काळ्या मातीत हे विसरून चालणार नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते. क्रेनच्या रुळांची पातळी पहिल्या पावसाळ्यानंतर एका टोकाला तीन-चार मिमी हलली. क्रेन चालायची, पण आकडा कॅसेटच्या कानात बसताना अडखळायची, आणि आम्ही उगाच सेन्सरला दोष देत होतो. रुळाखाली पातळ पत्रे घालून पातळी केली. दुसरं, टेबलासाठी चार फूट खोल खड्डा लागतो. पूर पाहिलेल्या गोदामात खड्डा! आम्ही विचारलं तेव्हा उत्तर आलं, डिझाइन असंच आहे. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात खड्डा भरला आणि एक गिअर मोटर गेली. आता त्यात दोन पंप आहेत, आणि कंट्रोल पॅनल आम्ही आमच्या खर्चाने चार फुटांच्या ओट्यावर चढवलं आहे.

लाइट जाण्याची भीती होती ती फोल ठरली. लाइट गेली की ब्रेक आपोआप बसतात, कॅसेट अर्धी बाहेर असली तरी जागची हलत नाही. पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) यूपीएस आहे, आणि लाइट आल्यावर क्रेनला आपण कुठे उभे आहोत हे ठाऊक असतं. खरा वैताग दिला तो कबुतरांनी. शेडमध्ये कबुतर असतंच, आणि ते नेमकं सेन्सरच्या किरणासमोर बसतं. स्क्रीनवर एरर येतो, "बंडलाची उंची मर्यादेबाहेर", आणि वर बघावं तर महाराज मान हलवत बसलेले. जाळी लावली. उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी मांजा चाकात गुंडाळलेला सापडला तो वेगळाच.

देखभाल फार नाही. साखळीला ग्रीस, सेन्सरच्या काचा रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसणं, महिन्याला ब्रेक तपासणं. काचा पुसल्या नाहीत तर दुपारपर्यंत खोट्या तक्रारी सुरू होतात, कारण पाइपवरचं तेल आणि धूळ मिळून चिकट थर बसतो. सुटे भाग मात्र लवकर मिळत नाहीत. एका एन्कोडरसाठी (क्रेन कुठे आहे ते मोजणारा भाग) सतरा दिवस थांबलो. आता दोन कपाटात ठेवले आहेत.

माणसं कमी झाली का, हे सगळेच विचारतात. दोन कमी झाली, त्यातला एक आधीच गावी जाणार होता. हायड्राचं भाडं बंद झालं, तो मोठा फरक. मुकादम काका आता साच्यापाशी उभे असतात आणि बंडल कमानीत जायच्या आधीच सांगतात की हे परत येणार. दहापैकी नऊ वेळा बरोबर असतात.

किंमत इथे लिहीत नाही, शेठ वाचतात. गेल्या महिन्यात पोर या गावचे एक ओळखीचे व्यापारी मशीन बघायला आले, तेव्हाच ऑर्डर द्यायच्या तयारीत. मी म्हटलं, आधी तुमच्या यार्डातली दहा बंडलं इथे पाठवा, कमानीतून काढून बघू. सहा परत फिरली. त्यांनी मशीनचा विचार पावसाळ्यापुढे ढकलला, आमच्या साच्याचं माप घेतलं आणि आमचं पट्टी आवळायचं जुनं हाताचं टूल दोन दिवसांसाठी म्हणून नेलं. ते अजून परत आलेलं नाही.