सॅटिव्हेक्स स्प्रे : पाय सैल होतो, पण तोलाचं काय?

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) ताठरलेले स्नायू इतर औषधांना दाद देत नसतील, तर सॅटिव्हेक्स देतात. गांजाच्या अर्काचा हा तोंडात मारायचा फवारा. प्रत्येक फवाऱ्यात २.७ मिग्रॅ टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आणि २.५ मिग्रॅ सीबीडी (नशा न आणणारा घटक). ड्रॉपरने थेंब मोजताना थरथरत्या हाताने मात्रा चुकते, तसं इथे होत नाही. ज्येष्ठांसाठी हे फार मोलाचं आहे.

पहिले दोन दिवस संध्याकाळी एकच फवारा, पुढचे दोन दिवस दोन. सकाळचा पहिला फवारा थेट पाचव्या दिवशी. असं दोन आठवडे चढत जायचं आणि आराम पडेल तिथे थांबायचं. दोन फवाऱ्यांत १५ मिनिटं हवीतच, दिवसाला १२ च्या वर नाही. जेवणानंतर औषध जास्त शोषलं जातं, म्हणून आज उपाशीपोटी, उद्या जेवून असं करू नये.

खरी अडचण पुढे आहे. कमजोर पायाला पुष्कळदा तो ताठरपणाच उभा धरत असतो. तो उतरला की गुडघा अचानक वाकतो. त्यात सुरुवातीच्या आठवड्यांत चक्कर येते, आणि झोपेची किंवा स्नायू सैल करणारी गोळी आधीच चालू असेल तर गुंगी वाढते. रात्री लघवीला उठताना दिवा लावावा, पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसावं, मगच पाय टेकावेत. वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी) घेणाऱ्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, लवकर तपासून घ्यावा.

पंप ताठर बोटांना जड जातो. घरच्यांनी दाबून द्यावा. नवी बाटली हलवून पहिले दोन-तीन फवारे टिश्यूवर सोडावेत. फवारा जिभेखाली किंवा गालाच्या आतून, दर वेळी जागा बदलून, घशाकडे नको. त्यात अल्कोहोल असल्याने चुरचुरतं, म्हणून कवळीने सोललेली जागा टाळावी. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, उघडलेली बाहेर २५ अंशांखाली, उभी. १० मिलीची उघडलेली बाटली ४२ दिवसांनी बाद, तेव्हा उघडल्याची तारीख लेबलवर लिहावीच.

चार आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टर बंद करतात. तोवर वहीत ताठरपणाला ० ते १० गुण द्यावेत, पण शेजारी हेही लिहावं : खुर्चीतून हात न टेकता उठता आलं का, शर्टाची बटणं स्वतः लावली का. गुण उतरले आणि न्हाणीघरात जायला मात्र नव्याने हात धरावा लागू लागला, तर ती मात्रा जास्त आहे.