गेम लई भारी, पण पीसी व्हर्जन अर्धवट: नांदेडहून एक रिव्ह्यू

आधीच सांगतो, गेम वाईट नाही. सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला तो तलवारबाजीचा ओपन वर्ल्ड गेम, ट्रेलर तुम्ही सगळ्यांनी बघितलाय म्हणून नाव लिहीत बसत नाही. स्टोरी पकडून ठेवते, लढाई तर लईच भारी आहे, वार अडवला की हातातल्या कंट्रोलरला जो हिसका बसतो तो मी बऱ्याच वर्षांत कुठल्या गेममध्ये अनुभवला नव्हता. पण पीसीवर जे विकायला काढलंय ते पुरं झालेलं नाही आणि ते आपल्याला पुऱ्या पैशाला विकायलेत. हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे यूट्यूबवरचे बरेच रिव्ह्यू ४०९० नाहीतर ५०९० असल्या महागड्या ग्राफिक्स कार्डावर केलेले असतात, आता आपल्याकडं ते कार्ड किती जणांकडं आहे सांगा.

माझा पीसी असा आहे: रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड बारा जीबीवालं, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी आणि साधा १०८०पी (फुल एचडी) मॉनिटर. म्हणजे ना लई भारी ना लई हलका. स्टीम, म्हणजे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान, त्याच्या हार्डवेअर सर्व्हेत आजही निम्म्याहून जास्त लोक १०८०पी वरच आहेत, त्यामुळं माझ्यासारखंच गिऱ्हाईक जास्त आहे हे कंपनीला माहीत नसेल असं नाही.

पहिल्यांदा गेम उघडला की शेडर कंपाइल व्हायला लागतात. हे काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण लई जण विचारायलेत. गेममधली प्रत्येक चमक, धूर, पाणी, अंगावरचं कापड हे कसं दिसायचं याचे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, आणि ते तुमच्या कार्डाच्या भाषेत बदलून घ्यावे लागतात. प्लेस्टेशनचं हार्डवेअर ठरलेलं, म्हणून तिथं कंपनीच ते आधी तयार करून देते. पीसीत प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा, म्हणून ते काम तुमच्या घरी तुमच्या प्रोसेसरला करावं लागतं, आणि ड्रायव्हर अपडेट केला की पुन्हा पहिल्यापासून. इथवर कुणाची तक्रार नाही. सगळेच मोठे गेम आता हे करतात.

तक्रार ही आहे की या गेमला त्याला पाऊण तास लागतो, आणि मध्येच बंद पडलं तर केलेलं काम तो कुठंच जपून ठेवत नाही. आमच्याकडं मे महिन्यात दुपारची लाईट कधी जाईल सांगता येत नाही. त्रेसष्ट टक्क्यांवर पट्टी होती, लाईट गेली, यूपीएसनं दहा मिनिटं धरलं आणि मग तोही पीं पीं करून बसला. लाईट आल्यावर परत उघडलं तर शून्य टक्के. अरे बाबांनो जेवढे झालेत तेवढे डिस्कवर लिहून ठेवायला काय हरकत होती, बाकीचे गेम करतातच ना. वर हे चालू असताना प्रोसेसरचे सगळे कोर शंभर टक्क्यावर, बाहेर ४३ डिग्री, खोलीत कूलर असूनही प्रोसेसर ८८-९० ला टेकलेला. लातूरला क्लासला आलेली पोरं पत्र्याच्या खोलीत लॅपटॉपवर हे करायलेत, त्यांच्या मशीनची काय गत होत असेल विचार करा.

बरं एवढं सगळं करून अडकणं थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो. थांबत नाही. म्हणजे सगळे शेडर आधी तयार होतच नाहीत, काही खेळता खेळता होतात, आणि नवीन काही पहिल्यांदा स्क्रीनवर आलं की गेम तेवढ्यापुरता जागच्या जागी थांबतो. पहिल्यांदा मशाल पेटवली, अडकला. पहिल्यांदा नदीत उतरलो, अडकला. ते एकदा होऊन गेलं की परत होत नाही, म्हणून लोक म्हणायलेत दोन-चार तास खेळा मग आपोआप स्मूद होतं. अर्धंच खरं आहे ते.

कारण दुसरं अडकणं आहे ते जातच नाही. घोड्यावर बसून उत्तरेच्या वेशीतून मोठ्या शहरात शिरा. मी आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअर लावून कोपऱ्यात फ्रेम टाइमची (एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, यायला किती वेळ लागला त्याची) रेघ चालू ठेवली होती. बाहेर माळरानावर रेघ सरळ, सोळा-सतरा मिलिसेकंद, म्हणजे ६० एफपीएस (सेकंदाला साठ फ्रेम). वेशीच्या कमानीखाली घोड्याचे पुढचे पाय आले की रेघ एकदम वर, १२० च्या पुढं, मग खाली, मग बाजाराच्या तोंडाशी परत वर. दरवेळेस त्याच जागी. सेटिंग लो करा, अल्ट्रा करा, रेझोल्यूशन ७२० करा, उसळी तेवढीच. यावरूनच कळतं की दोष ग्राफिक्स कार्डाचा नाही. पुढचा भाग डिस्कवरून उचलून मेमरीत मांडायचं काम प्रोसेसरच्या एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेवर, टाकलंय, तो थ्रेड तुंबतो आणि बाकीचे कोर रिकामे बसलेले असतात. अनरियल इंजिन ५ (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) वर बनलेल्या बऱ्याच गेममध्ये हा प्रकार दिसलाय, पण इंजिन तेच वापरून नीट चालणारे गेमही आहेत, तेव्हा सगळं इंजिनावर ढकलू नये.

आणि इथं सरासरी एफपीएस बघून फसू नका. बेंचमार्क चालवला तर सरासरी ६१ येते, आकडा झकास वाटतो. एका सेकंदात साठ फ्रेम आल्या तरी त्यातली एकच फ्रेम १२० मिलिसेकंद अडली तर डोळ्याला तीच दिसते. म्हणून एक टक्का लो, म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेमचा एफपीएस, हा आकडा बघायचा असतो, तो शहरात माझ्याकडं २४ च्या आसपास आहे. साध्या फिरण्यात चालून जातं हो. पण या गेमची सगळी मजाच वार नेमका अडवण्यात आहे, आणि दुसऱ्या भागातल्या त्या भालेवाल्या बॉसबरोबर शहराच्या चौकातच लढाई आहे. भाला उगारलेला दिसतो, गेम अडकतो, सुटतो तेव्हा भाला छातीत. तुम्ही चुकलेलाच नसता. अवघड गेम मला आवडतात, हरून हरून शिकायला मजा येते, पण आपल्या हातात काहीच नसताना हरणं याला अवघड म्हणत नाहीत.

माझ्या आतेभावाच्या लॅपटॉपमध्ये ३०५० आहे, चार जीबी व्हीरॅमवालं (व्हीरॅम म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी). त्याचं दुखणं वेगळंच. टेक्श्चर, म्हणजे भिंती-चेहऱ्यांवर चढवलेली चित्रं, मीडियमवर ठेवले तरी चार जीबी भरून वाहतात, उरलेलं साध्या रॅममध्ये जातं आणि तिथून ने-आण करताना गेम रखडतो, नाहीतर भिंती आणि चेहरे मेणासारखे वितळल्यागत दिसतात. लोवर टाकलं की चालतं, पण लो टेक्श्चर इतके खराब आहेत की दुकानाच्या पाट्या वाचता येत नाहीत. मीडियम आणि लो यांच्यामध्ये एक पायरी द्यायला पाहिजे होती.

उन्हाळ्यात लॅपटॉप तापून स्लो होतो तो गेमचा दोष नाही, हेही सांगायला पाहिजे. आमच्याकडं परभणी-नांदेड पट्ट्यात मे महिन्यात कुठलाही लॅपटॉप थ्रॉटल होतोच, म्हणून मी एफपीएसचे सगळे आकडे पहाटे घेतले, खोली थंड असताना, तापमान ७० च्या आत. किंगडम कम डिलिव्हरन्स २ हा २०२५ च्या फेब्रुवारीत आला, तोही मोठा ओपन वर्ल्ड, त्यातही घोडा, त्यातही गर्दीचं शहर, आणि याच पीसीवर रिलीजपासून लोण्यासारखा चालतो. म्हणजे करता येतं. करायची इच्छा आणि वेळ पाहिजे.

आता रिक्वायरमेंटचा तक्ता बघा. रेकमेंडेडमध्ये लिहिलंय १०८०पी, ६० एफपीएस. खाली बारीक अक्षरात: अपस्केलिंग परफॉर्मन्स मोडवर, फ्रेम जनरेशन चालू. याचा हिशोब असा की परफॉर्मन्स मोडला गेम आतून ९६० बाय ५४० वरच चित्र काढतो आणि मग ते ताणून १०८० करतो, आणि फ्रेम जनरेशन म्हणजे साठातल्या तीस फ्रेम खऱ्या, मधल्या तीस अंदाजानं भरलेल्या. बटण दाबल्यावर हाताला जो उशीर जाणवतो तो तीसचाच, उलट थोडा जास्तच. मूळच्या फ्रेम साठच्या आसपास असतील तरच फ्रेम जनरेशन बरं लागतं. आणि ३०६० वर तर एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन चालतच नाही, एएमडीचं एफएसआरवालं वापरावं लागतं. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या तक्त्यातही असंच ६० एफपीएस फ्रेम जनरेशन धरून लिहिलं होतं, आणि स्टीमवर लोकांनी त्याला काय रिव्ह्यू दिले ते सगळ्यांनी बघितलं. डीएलएसएस (एनव्हिडियाचं अपस्केलिंग), एफएसआर (एएमडीचं) चांगल्याच गोष्टी आहेत, जुन्या कार्डाला दोन वर्षं जास्त जगवतात. पण त्या वरचा आधार म्हणून पाहिजेत, आणि इथं त्यांच्यावरच अख्खं घर उभं केलंय.

काही जण म्हणतील पॅच येईल, थांब की. येईलच. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा सोनीनं आठवड्याभरात तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला होता, परत यायला जून २०२१ उजाडलं, आणि २.० अपडेट २०२३ च्या सप्टेंबरात आलं तेव्हा कुठं लोक म्हणाले की आता हा ठरल्यासारखा गेम झाला. त्याच्याआधी २०१५ च्या जूनमध्ये बॅटमॅन अर्कहम नाइटची पीसी विक्री थोड्याच दिवसांत थांबवावी लागली होती, तो ऑक्टोबरअखेर परत आला. म्हणजे गेम सुधारतात हे खरं, पण मधल्या काळात ज्यांनी पहिल्या दिवशी पैसे भरले त्यांचं काय? विश्वास ठेवून आधी पैसे देणाऱ्याला सगळ्यात खराब माल मिळतो आणि वर्षानं सेलमध्ये निम्म्या किमतीत घेणाऱ्याला सगळ्यात चांगला, हा व्यवहारच उलटा आहे.

किंमत चार हजाराच्या घरात. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि मोंढ्यात लई जणांना तेवढाही मिळाला नाही. म्हणजे घरात शेती असलेल्या पोरासाठी हा गेम जवळपास पोत्याभर सोयाबीन आहे. तो पैसा मागताना घरी किती वेळा विषय काढावा लागतो ते ज्याचं त्याला माहीत.

आणि डाउनलोड. गेम १२० जीबीचा. शहरात फायबर आहे त्यांचं ठीक आहे, रात्रीतून होऊन जातं. किनवट, माहूर, जिंतूरकडं जे मोबाइल डेटावर आहेत, त्यांचा दिवसाचा २ जीबीचा पॅक धरला तर हा गेम उतरवायला ६० दिवसांचा डेटा लागतो. आमच्या ग्रुपमधला एक जण तिकडून एसटीनं एक्सटर्नल हार्ड डिस्क घेऊन माझ्याकडं येतो, आपण स्टीमचा बॅकअप काढून देतो, तो घरी जाऊन टाकतो. तर आता पहिला पॅच आला तो ३८ जीबीचा, आणि त्यानं वेशीतलं अडकणं जसंच्या तसं ठेवलंय, फक्त क्रॅश कमी झाले. तो बिचारा परत डिस्क घेऊन येणार. पॅच छोटे ठेवणं हीसुद्धा गिऱ्हाइकाची काळजीच असते, सगळ्या फाइली परत उतरवायला लावायची गरज नव्हती.

रिफंडबद्दल नीट वाचा, हे महत्त्वाचं आहे. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. पण गेम उघडा आहे तेवढा वेळ खेळलेला धरला जातो, आणि इथं शेडर कंपाइल गेमच्या आतच होतं, म्हणजे पाऊण तास तिथंच गेला. लाईट जाऊन परत कंपाइल करावं लागलं तर दीड तासापर्यंत जातो. वर सुरुवातीचा तासभर अरुंद दरीतला आहे, तिथं गेम एकदम गुळगुळीत चालतो. खरं दुखणं शहरात, आणि शहर येईस्तोवर दोन तास केव्हाच उलटलेले असतात. मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच होतो. घेणारच असाल तर कंपाइल लाईटची खात्री असताना करा आणि दरीत इकडंतिकडं न फिरता सरळ पुढं पळा.

गेमला दहापैकी आठ देईन, या पीसी व्हर्जनला चारच्या वर जात नाही. १६५० किंवा चार जीबीचं कुठलंही कार्ड असेल तर आत्ता बिलकुल घेऊ नका. सहा-आठ जीबीवाल्यांनी टेक्श्चर मीडियम, शॅडो लो, गर्दीची डेन्सिटी लो ठेवायची, त्या गर्दीच्या सेटिंगनंच प्रोसेसरला सगळ्यात जास्त आराम मिळतो, वेशीतली उसळी जात नाही पण चौकातली लढाई तरी खेळण्याजोगी होते. डीएलएसएस क्वालिटीवर ठेवा, त्याच्या खाली जाऊ नका, १०८०पी वर झाडं आणि केस पार मिचमिचायला लागतात. फ्रेम जनरेशन बंद. एफपीएस मोकळे न सोडता रिव्हाट्यूनरमधून ४५ वर बांधून टाका, ५५-६० मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा स्थिर ४५ डोळ्याला कितीतरी बरे वाटतात आणि कार्डही थंड राहतं. हार्ड डिस्कवर टाकू नका, एसएसडी पाहिजेच. आणि ड्रायव्हर एकदा बसला की उगाच अपडेट करत बसू नका, नाहीतर परत तो पाऊण तास.

पुढचा पॅच आला की हेच आकडे परत घेऊन इथंच खाली टाकतो, कुणाकडं एएमडीचं ६६०० कार्ड असेल तर त्यानं आपले आकडे जरूर सांगावेत, माझ्याकडं ते तपासायला नाही.