न्यू जर्सीतली लायब्ररी: साडेचार तारे, अर्धा कापला रविवारचा

मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेली मंडळी नायगारा, टाइम्स स्क्वेअर आणि मोठमोठ्या दुकानांबद्दल लिहितात. ते मीही पाहिलं, बहिणींच्या ग्रुपवर फोटो टाकले, विषय संपला. मला लिहायचंय ते मुलाच्या गावातल्या सार्वजनिक लायब्ररीबद्दल. एप्रिल ते सप्टेंबर, साडेपाच महिन्यांत मी तिथं शंभरावर वेळा गेले. वीज मंडळाच्या अकाउंट्समधून रिटायर झालेली बाई आहे मी, आकडे उगाच फेकत नाही. पावत्या जपून ठेवल्यात.

लायब्ररीच का, ते आधी सांगते. बडोद्यात मी दांडिया बाजारात राहते. दूध, भाजी, बँक, देऊळ, खंडेराव मार्केट, सगळं पायी, फार तर रिक्षा. न्यू जर्सीत मात्र सकाळी आठला मुलगा-सून आपापल्या गाड्या घेऊन कामावर, नातू डे-केअरमध्ये, आणि आम्ही दोघं चार बेडरूमच्या घरात एकमेकांची तोंडं बघत. कोथिंबीर संपली तरी शनिवारची वाट बघायची. पायी जाण्यासारखं एकच ठिकाण होतं, पाऊण मैलावर. म्हणजे सव्वा किलोमीटर, साधारण आमच्या घरापासून मांडवीपर्यंत. त्यातही निम्म्या वाटेत फुटपाथ संपतो आणि लोकांच्या हिरवळीच्या कडेकडेनं चालावं लागतं. पहिल्याच दिवशी एका बाईनं गाडी थांबवून विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? चालणारं माणूस म्हणजे काहीतरी अडचणीत असणार, असा तिकडे समज असावा.

कार्ड फुकट मिळतं, पण गावात राहत असल्याचा पुरावा लागतो. माझ्याकडे पासपोर्ट, त्यावर पत्ता दांडिया बाजारचा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुमच्या नावानं टपालानं आलेलं कुठलंही अधिकृत पत्र चालेल. आता मला तिथं कोण पत्र पाठवणार? शेवटी प्रवासी विम्याच्या कंपनीचं पाकीट आठवलं. त्या विम्यात माझं बीपी नाही, साखर नाही, गुडघे नाहीत. आधीपासून असलेलं काहीच नाही, म्हणजे मीच नाही. पण पाकिटावर नाव आणि पत्ता व्यवस्थित होता. त्या पॉलिसीचा आम्हाला झालेला एवढाच उपयोग.

कार्डावर एका वेळी पन्नास वस्तू नेता येतात. वस्तू म्हणतेय, कारण पुस्तकांशिवाय सिनेमे, कोडी, बोर्ड गेम, शिवणयंत्रसुद्धा. संग्रहालयांचे पासही मिळतात, त्यावर घरच्यांना प्रवेश फुकट. पुस्तक मशीनखाली धरलं की आपोआप नोंद होते आणि पावती बाहेर येते. पावतीच्या तळाशी लिहिलेलं असतं: लायब्ररी वापरून आज तुम्ही इतके डॉलर वाचवले. ही ओळ कुणी काढली त्याला माझा नमस्कार. पाच महिन्यांची माझी बेरीज १,१४२ डॉलर आणि काही सेंट. त्यातले निम्मे नातवाच्या डायनासोरांचे.

फुकट म्हणजे अर्थात कुणीतरी भरतंच. मुलगा घरपट्टीवरून कुरकुरत होता तेव्हा मी बिल मागून घेतलं. न्यू जर्सीत कायदाच आहे की गावानं घरांच्या बाजारभावाच्या दर हजार डॉलरमागे साधारण ३३ सेंट लायब्ररीला द्यायचे, आणि ते बिलात वेगळे दाखवायचे. सहा लाखांचं घर धरा, वर्षाचे २०० डॉलर. त्याला म्हटलं, बाबा, एवढी एक ओळ सोडून बाकी बिलावर खुशाल कुरकुर कर.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. उशीर झाला तरी दंड नाही. न्यूयॉर्कच्या लायब्रऱ्यांनी २०२१मध्ये दंड बंद केला, बऱ्याच गावांनीही केला. कारण सांगतात की दंडाला भिऊन गरीब घरची मुलं येणंच सोडून देतात. ते कळतं. पण मी आठवडाभर उशिरा पुस्तक परत नेलं आणि काउंटरवरची मुलगी हसून ‘काही हरकत नाही’ म्हणाली, तेव्हा मला फार चुकल्यासारखं झालं. चार आणे तरी घ्यायला हवे होते.

शांततेची अपेक्षा ठेवून जाऊ नका. ‘शांतता राखा’वाली लायब्ररी ही नाही. सकाळी साडेदहाला लहान मुलांची गाणी-गोष्टी, तीस-चाळीस पोरं. सोबत आया कमी, सांभाळणाऱ्या बायका आणि माझ्यासारख्या आज्या जास्त. तीननंतर शाळा सुटलेली मुलं येतात, कारण घरी पाच-साडेपाचपर्यंत कुणी नसतं. ती तिथं अभ्यास करतात, चिप्स खातात, भांडतात. गाव या इमारतीला लायब्ररी म्हणतं, मला ती अर्धी बालवाडी आणि अर्धा पार वाटली. पेपरांच्या टेबलावर रोज एक गृहस्थ दोन मोठ्या पिशव्या घेऊन बसायचे. राहायला घर नसावं. झोपायला मनाई आहे, त्यामुळे डोळा लागला की कर्मचारी हळूच टेबलावर बोट वाजवायची आणि म्हणायची, ‘सर, उठा हं.’ बाहेर काढलेलं मी एकदाही पाहिलं नाही. काही विकत न घेता दिवसभर बसता येईल अशी दुसरी जागा त्या गावात मला तरी सापडली नाही.

मंगळवारी इंग्रजी बोलण्याचा वर्ग असायचा. मला इंग्रजी वाचता येतं, मंडळातली पत्रं मीच लिहायची, पण त्यांचं बोलणं कानावरून जायचं, म्हणून नाव दिलं. एक चिनी आजी, घरांची साफसफाई करणारी इक्वेडोरची बाई, एक तुर्की इंजिनिअर, आणि मी. शिकवायला एक निवृत्त शाळामास्तरीण, फुकट यायच्या. वय ७८. एकट्या राहतात, मुलगा ओरेगनमध्ये, मुलगी टेक्सासात. मी घरी येऊन यांना सांगितलंच, ‘बिचारी हो, इतकी मुलंबाळं असून एकटी.’ आपल्याकडे हे वाक्य तयारच असतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विषय निघाला, शनिवार-रविवारी काय केलंत? मी सांगितलं, मुलाला वेळ नव्हता म्हणून देवळात जायचं राहिलं, सून म्हणाली पुढच्या आठवड्यात बघू. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग फार हळू आवाजात म्हणाल्या, म्हणजे प्रत्येक गोष्टीसाठी तुम्हाला कुणालातरी विचारावं लागतं? हे कसं सहन करता तुम्ही? त्या डोळ्यांत अगदी तोच भाव होता, जो माझ्या डोळ्यांत त्यांच्यासाठी होता. मी गप्प बसले. वर्ग सुटल्यावर त्या आपली जुनी निळी गाडी स्वतः चालवत निघून गेल्या आणि मी हिरवळीच्या कडेनं चालत घरी आले. आजही मला ठरवता येत नाही की आमच्यात बिचारी कोण. बडोद्यात मीच. म्हणजे बिचारी नाही, त्यांच्यासारखी कुणाला न विचारता हिंडणारी.

आता त्या मुलाबद्दल. मे महिन्यात एकदा बाहेरच्या बाकावर बसून यांच्याशी फोनवर बोलत होते, ‘अहो, डाळ गॅसवर आहे, शिट्ट्या मोजा.’ शेजारून आवाज आला, ‘काकू, तीन की चार?’ नागपूरकडचा, तिशीचा मुलगा. हळूहळू कळलं. सॉफ्टवेअरमधला, एच-वन-बी व्हिसावर. एका सकाळी मेल आला, दुपारपर्यंत लॅपटॉप बंद. त्या व्हिसावर नोकरी गेली की ६० दिवस मिळतात; तेवढ्यात दुसरी शोधा, दुसरा व्हिसा बघा नाहीतर देश सोडा. आणि नेमके आई-बाबा नागपूरहून आलेले. त्यांना सांगितलेलंच नाही. रोज आठला बॅग घेऊन ‘ऑफिसला’ निघायचा, लायब्ररीचं दार उघडेपर्यंत पार्किंगमध्ये गाडीत बसायचा, मग तीन नंबरच्या काचेच्या खोलीत. ती खोली एका वेळी दोन तास मिळते, मागे कुणी नसेल तर परत. तिथंच त्याचे फोनवरचे इंटरव्ह्यू. वर शर्ट इस्त्रीचा, खाली घरातली चप्पल. एक वाजता बाकावर बसून आईनं दिलेला डबा खायचा. एकदा मला पोळीभाजीचा घास दिला. भाजी दोडक्याची होती, आणि पोळीला तूप इतकं की आई मुलाला ऑफिसला पाठवतेय हे कळावं. मी नेलेला बडोद्याचा लीलो चेवडो त्याला दिला. तो म्हणाला, ‘काकू, हा ओला चिवडा? नागपुरात याला चिवडा म्हणणार नाहीत.’ तेवढं एकदाच मोकळं हसला.

आमच्या मंडळात माणसाला काढायचं म्हणजे तीन फायली, दोन युनियन आणि एक कोर्ट. त्यातही पुष्कळ कामचोर पोसले गेले, मी डोळ्यांनी पाहिलंय, त्या व्यवस्थेची भलामण करत नाही. पण दुपारी लॅपटॉप बंद हेही मला समजत नाही. आणि हे काही फक्त आपल्या मुलांचं नाही. त्याच टेबलांवर गोरे, काळे, पन्नाशीचे पुरुष अर्ज छापत बसलेले असायचे, पानाला दहा सेंट. त्यांना व्हिसाची भीती नसली तरी नोकरीबरोबर आरोग्यविमा जातो, ती तर आमच्या विम्याहून वाईट गत. लायब्ररीतली एक बाई त्यांचे अर्ज वाचून दुरुस्त करून द्यायची. हे तिचं कामच होतं.

जूनअखेरीस तो मुलगा यायचा बंद झाला. माझ्या हिशेबानं पन्नासावा दिवस असेल. आठवडाभर वाट पाहून मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं. तिनं अगदी प्रेमानं सांगितलं की कोण येतं, काय वाचतं, ते आम्ही कुणालाच सांगत नाही. नियम चांगला आहे. त्या दिवशी मला त्याचा भयंकर राग आला.

मराठीची अवस्था: जगातल्या भाषांच्या कपाटात चिनी चार फळ्या, गुजराती तीन, हिंदी दोन, मराठी अकरा पुस्तकं. त्यांतली दोन पाककृतींची. बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती वाचता येतं म्हणून माझं निभावलं. पुण्याच्या विहीणबाई असत्या तर उपाशी मेल्या असत्या.

आणि हे सगळं पाहताना मला वडिलांची आठवण येत होती, ती आमच्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीमुळे. लहानपणी ते मला तिथं न्यायचे. पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरशा, वरचा उजेड खाली झिरपणारा. वर कुणी चाललं की सावली डोक्यावरून जायची. वडील सांगत, हे सगळं महाराजांनी अमेरिकेत पाहिलं. खरंच होतं ते. सयाजीराव १९०६मध्ये अमेरिकेला गेले, आणि १९१०मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनहून बडोद्याला आणले. बोर्डननी तीन वर्षांत लायब्ररीचं खातं उभं केलं, ग्रंथपालांचे वर्ग काढले. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत फिरायला लागल्या. तिकडे अमेरिकेत उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीनं पोलादाच्या पैशातून १,६७९ लायब्रऱ्या बांधल्या खऱ्या, पण त्याच्याच कारखान्यात १८९२मध्ये मजुरी कापण्यावरून गोळ्या चालल्या. महाराजांनी त्यातल्या फक्त लायब्रऱ्या घेतल्या, ते बरं केलं. बोस्टनला मुलानं फिरवलं तेव्हा तिथल्या सार्वजनिक लायब्ररीच्या दारावर कोरलेली अक्षरं दिसली, ‘सर्वांसाठी मोफत’. मुलगा फोटो काढून पुढे गेला. मी दोन मिनिटं तिथंच उभी राहिले. मागून लोक ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत होते.

अर्धा तारा का कापला? जुलै-ऑगस्टात रविवारी बंद. ज्या एका दिवशी सगळं घर मोकळं असतं, नेमकं तेव्हा कुलूप. सूचनापेटीत दोनदा लिहून टाकलं. दुसऱ्यांदा उत्तर आलं की कर्मचारी कमी आहेत. पटलं, पण तारा परत देणार नाही.

कुणी जाणार असाल तर: विम्याचं पत्र छापील मागवा, ईमेलवरचं चालेलच असं नाही. आत एसी कडक, ऐन जुलैत शाल लागते. पाण्याच्या नळाशेजारचं टॉयलेट स्वच्छ. यांना पुस्तकांत रस नाही, पण कॉम्प्युटरवर सकाळचा ‘सकाळ’ वाचायला आवडीनं यायचे.

माझं कार्ड एप्रिलपर्यंत चालू आहे. ई-पुस्तकं इथूनही उघडतात. परवा दांडिया बाजारात वीज गेली (आमचंच खातं, काय बोलणार), तेव्हा मोबाइलवर त्याच लायब्ररीचं पुस्तक वाचत बसले होते. मुलाला सांगून ठेवलंय, घरपट्टी वेळेवर भर.